डायना टोरासी

टोरासी, डायना : (जन्म ११ जून १९८२). अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉलपटू. डब्ल्यूएनबीए या महिला लीगमध्ये सर्वाधिक गुण (१०,६४६) तिच्या नावावर आहेत. वडील इटलीत जन्मून अर्जेंटिनात वाढलेले, आई अर्जेंटिनाची. बालपण कॅलिफोर्नियातील चिनो येथे गेले. कनेक्टिकट विद्यापीठात प्रशिक्षक जेनो ऑरिएमा यांच्या हाताखाली तिने सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली (२००२–०४). २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नव्या खेळाडू क्रमाने निवडण्याची पद्धत) फिनिक्स मर्क्युरीने तिला पहिल्या क्रमांकावर निवडले. लीगमधले वीसही हंगाम ती याच संघाकडून खेळली. २००७, २००९ आणि २०१४ ची विजेतेपदे त्यातलीच.

गार्ड (चेंडू खेळवणारी, बाहेरच्या बाजूची खेळाडू) म्हणून तिचे हुकमी अस्त्र होते तीन गुणांची फेक, तीही त्यासाठी आखलेल्या रेषेच्या बरीच मागून आणि अंगावर बचावपटू असताना. पंचांशी हुज्जत घालण्यातही तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

मात्र ही कारकीर्द केवळ विक्रमांवरून समजत नाही. तिचा आर्थिक हिशेब पाहावा लागतो. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही महिन्यांपुरता आणि मानधन तेव्हा बेताचे. म्हणून लीगच्या बड्या खेळाडूही हिवाळ्यात रशिया किंवा तुर्कस्तान गाठत. टोरासी २००६ पासून मॉस्कोजवळच्या स्पार्टाक क्लबकडून खेळू लागली आणि २००७ ते २०१० युरोपातील क्लबांची युरोलीग ही स्पर्धा सलग चार वेळा जिंकली. क्लबचे धनाढ्य मालक शाब्ताई काल्मानोविच खेळाडूंवर सढळ हाताने खर्च करत; नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत भररस्त्यात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये फेनरबाचेकडून खेळताना उत्तेजक चाचणीत तिच्या नमुन्यात मोडाफिनिल हे बंदी असलेले द्रव्य आढळल्याचे जाहीर झाले आणि क्लबने करार मोडला. अंकारातील प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल मागे घेतला खरा, पण तोवर हंगाम हातचा गेला होता.

२०१५ मध्ये तर नवलच घडले. रशियाच्या यूएमएमसी एकातेरिनबर्ग क्लबने तिला उन्हाळ्यात न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. तिथले मानधन सुमारे १५ लाख डॉलर, फिनिक्सचे जेमतेम एक लाख सात हजार. तिने विश्रांती घेतली. यात निष्ठेचा प्रश्न काढणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२० च्या सामूहिक करारात लीगने कमाल मूळ वेतन २,१५,००० डॉलरवर नेले. तरीही खेळाडू रशियाला जातच राहिल्या. टोरासीची फिनिक्समधील सहकारी ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्को विमानतळावर पकडली गेली, ती याच एकातेरिनबर्ग क्लबकडे परतताना. त्यानंतर अमेरिकी खेळाडूंचा तिकडचा ओघ आटला.

३ ऑगस्ट २०२३ रोजी अटलांटा ड्रीमविरुद्ध टोरासीला कारकिर्दीतील १०,००० गुणांचा टप्पा गाठायला १८ गुण हवे होते. तिने ४२ केले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी! लीगमध्ये हा टप्पा गाठणारी ती पहिलीच.

ऑलिंपिकमध्ये अथेन्स (२००४) ते पॅरिस (२०२४) अशी सलग सहा सुवर्णपदके तिने मिळवली. बास्केटबॉलमध्ये पुरुष वा स्त्री, सहा सुवर्णे कोणालाच त्याआधी मिळाली नव्हती. पॅरिसच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला अमेरिकेने अवघ्या एका गुणाने (६७–६६) हरवले. त्या सामन्यात टोरासीला मैदानात उतरवलेच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.