ॲन हॅथवे कॉटेज

इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यातील गवती छपराचे जुने शेतघर. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या पश्चिमेस सुमारे दीड किमी.वर, शॉटरी येथे ते आहे. विल्यम शेक्सपिअरची पत्नी ॲन हिचे हे माहेर. ‘कॉटेज’ हे नाव फसवे आहे. ही झोपडी नव्हे, तर मेंढ्या पाळणाऱ्या खात्यापित्या शेतकऱ्याचे बारा खोल्यांचे घर. पूर्वी त्याला ‘ह्यूलँड्स फार्म’ म्हणत. हॅथवे येथे कूळ म्हणून राहत. ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याने 1610 मध्ये ते विकत घेतले.

घराचा ठेंगणा भाग पंधराव्या शतकातला. त्याचा सांगाडा ‘क्रक’ पद्धतीचा आहे : बाक असलेल्या ओकच्या लाकडांची जोडी समोरासमोर उभी करून टोके आढ्यापाशी जुळवायची. अशी जोडी मिळवण्यासाठी बहुधा एकच वाकडा बुंधा उभा चिरीत. छपराचा भार या कमानींवर पडत असल्याने भिंती केवळ आडोशापुरत्या राहतात. दगडी जोते, त्यावर लाकडी चौकटी आणि चौकटींत कामट्या विणून दोन्हीकडून लिंपलेली माती, म्हणजे आपला कोकणी कूडच. वर चुन्याचा हात.

मूळच्या दिवाणखान्याला माळा नव्हता. मध्ये विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. पुढे विटा-दगडांचे धुराडे उभे राहिले; धूर आवरला, तेव्हाच वर मजला घालता आला. त्यामुळे एरवी खालून दिसल्या असत्या त्या कमानी आज निजायच्या खोल्यांत, अगदी हाताशी येतात. उंच भाग सतराव्या शतकातला. स्वयंपाकघरात भिंतीत बांधलेली पावाची भट्टी आहे.

शाकारणीचे पाखे साधारण 45 ते 50 अंशांत उतरते लागतात. उतार कमी पडला की पाणी मुरते आणि गवत कुजते. पन्हळ नसते, वळचण पुढे काढलेली असल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. आढ्यावरचे गवत सर्वांत आधी झिजते. ते दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागते. पाखे त्याहून बरेच अधिक टिकतात.

शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने 1892 मध्ये हे घर विकत घेतले. 1969 च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. डागडुजीनंतर ते पुन्हा उभे राहिले.