गॅलापागोसला डायव्हिंगसाठी जाताना कागद कुठे अडतात

ठाणे-नवी मुंबईतून इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर डायव्हिंगला निघालेल्यांना धास्ती व्हिसाची असते. अडतात ते मात्र दुसऱ्याच दोन कागदांवर.

पहिला कागद पिवळ्या तापाच्या लसीचा. बेटांवर हा आजार नाही, मग लस कशाला, असे डॉक्टरही सांगतात आणि ते चूक नाही. परंतु पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अख्खा इक्वाडोर असल्यामुळे परतताना प्रमाणपत्र नसेल, तर घरी जाण्याऐवजी ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र १० दिवसांनी ग्राह्य होते. पूर्वी आफ्रिकेला जाताना घेतली असेल, तर पुन्हा घेण्याची गरज नाही, कारण २०१६ पासून ती आजन्म वैध आहे. खारघरच्या एका गृहस्थांच्या पिवळ्या पुस्तिकेत, म्हणजे याच प्रमाणपत्रात, पासपोर्ट क्रमांकातील १ चा ७ झाला होता. केंद्राच्या खिडकीवरून हलण्यापूर्वी एवढे तरी वाचावे.

दुसरा कागद अनुभवाचा. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या डुबकीनंतर मिळणारे रंगीत प्रमाणपत्र ही केवळ आठवण आहे, परवाना नव्हे. दरवर्षी कोणीतरी तेच जोडते आणि बोटवाले ते परत पाठवतात. डार्विन आणि वुल्फ या दूरच्या बेटांपाशी मुक्कामी बोटीनेच जाता येते, प्रवाह जोरदार असतो, म्हणून अनेक बोटी ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचे, म्हणजे डायव्हिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमापुढच्या पातळीचे कार्ड आणि लॉगबुकात (डायव्हच्या नोंदवहीत) सुमारे ५० डायव्हची नोंद मागतात. डायव्हिंगपूर्वी भरायच्या वैद्यकीय फॉर्मवर दम्यासारख्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ लिहिले की डॉक्टरांची सही लागते. ती निघण्याच्या आदल्या दिवशी मिळत नाही.

बाकीचे सरळ आहे. इक्वाडोरचा व्हिसा घ्यावा आणि मार्ग अमेरिकेतून असेल, तर केवळ विमान बदलण्यासाठीही तिथला व्हिसा लागतो. कीटो किंवा ग्वायाकिल विमानतळावर बेटांवर जाण्यासाठी लागणारे ट्रान्झिट कार्ड मिळते. परदेशी प्रौढांसाठी गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले असून ते रोख न्यावे.

ट्रान्झिट कार्डासाठी परतीचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून लोक ते घाईने काढतात आणि तारीख चुकवतात. अनेक डायव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, तेव्हा शेवटचा दिवस कोरडा ठेवूनच तिकीट काढावे.