जुन्या मृत्यूची आणि दफनाची नोंद कशी मिळवायची : ससून घराण्याच्या निमित्ताने

पुण्याच्या लष्कर भागात ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात, त्या ओहेल डेव्हिड सिनॅगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. बगदादहून मुंबईत येऊन पेढी थाटलेले हे व्यापारी 7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यात वारले. कुलाब्याची ससून गोदी उभारणारे त्यांचे थोरले चिरंजीव अब्दुल्ला, म्हणजे सर अल्बर्ट, 1896 मध्ये इंग्लंडात ब्रायटनला वारले. तिथे त्यांनी हयातीतच बांधून घेतलेल्या स्मारकात त्यांना ठेवलं. 1933 मध्ये ती इमारत विकली गेली आणि अवशेष लंडनच्या विल्सडेन भागातल्या ज्यू दफनभूमीत हलवले.

आज कुणाला या बापलेकांच्या नोंदी हव्या असतील तर अर्ज कुठे करावा? बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. मृत्यूची नोंद आणि दफनाची नोंद एकाच कागदावर असेल असं आपण धरून चालतो. मृत्यूची नोंद सरकारी निबंधकाकडे असते, दफनाची नोंद दफनभूमी चालवणाऱ्या ट्रस्टकडे, चर्चकडे, जमातीकडे किंवा महापालिकेकडे. एका ठिकाणी ‘नाही’ म्हणाले म्हणजे दुसरीकडेही नसेल, असं अजिबात नाही.

महाराष्ट्रात

सध्याचा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. त्याआधी 1886 चा कायदा होता, पण त्यातली नोंदणी ऐच्छिक होती. म्हणून 1864 च्या मृत्यूसाठी महापालिकेच्या खिडकीवर रांग लावण्यात अर्थ नाही. तिथे सिनॅगॉगच्या ट्रस्टला लेखी पत्र द्यावं आणि कबरीवरचा लेख वाचावा. विसाव्या शतकातल्या मृत्यूंसाठी मात्र निबंधकाकडे जायलाच हवं.

पात्रतेचं म्हणाल तर 1969 च्या कायद्याचं कलम 17 कोणाही व्यक्तीला शुल्क भरून नोंदीचा शोध मागण्याचा हक्क देतं. मृत्यूचं कारण तेवढं मिळणाऱ्या दाखल्यात दिलं जात नाही. व्यवहारात तुमचं ओळखपत्र आणि मृताशी नातं दाखवणारा कागद मागतात, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला, जुना फेरफार किंवा मालमत्ता पत्रक यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. अर्जात मृताचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मृत्यूचं ठिकाण आणि अंदाजे वर्ष लिहायचं. शोध वर्षागणिक होतो, शुल्कही तसंच लागतं. म्हणून ‘1930 च्या आसपास’ असं मोघम लिहिण्याआधी घरातच वर्ष जितकं आवळता येईल तितकं आवळा.

गावाकडच्या मृत्यूसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागावं. नकलेच्या अर्जात गावाचं नाव आणि वर्षं घातली की पुरतं. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. पान मिळालं नाही तर त्याच गावाची वारस नोंदवही, गाव नमुना 6-क, जरूर पाहा. जमिनीवर वारस लावताना खातेदार कधी मयत झाला हे तिथे लिहिलेलं असतं, आणि वर्ष हाती लागलं की बाकीचा शोध सोपा होतो.

शोधूनही नोंद सापडली नाही तर तोंडी ‘नाही’ वर परत येऊ नका. नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र, नमुना 10, लेखी मागून घ्या. वारस प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात (अजूनही 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली) जाताना ते फार कामी येतं.

ट्रस्टला किंवा चर्चला लिहिताना कायद्याचा धाक दाखवू नका. ती खाजगी दफ्तरं आहेत. विनंतीचं पत्र, नात्याचा पुरावा, कबरीचा फोटो असल्यास फोटो, आणि नोंदवही हाताळणाऱ्या माणसाला पुरेसा वेळ द्या. ब्रिटिशकालीन ख्रिस्ती दफनांच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. गट एन/3.

इंग्लंडात

तिथे सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खातं उघडून सूची फुकट पाहता येते. वर्ष, तिमाही, जिल्हा, खंड आणि पान हे पाच तपशील उतरवून घेतले की प्रत मागवता येते. नातं सिद्ध करावं लागत नाही. स्वस्त पीडीएफ प्रत माहितीपुरती ठीक, पण कायदेशीर कामाला शिक्क्याची कागदी प्रतच मागवा. त्या दाखल्यावर वय, व्यवसाय, मृत्यूचं कारण सगळं असतं, दफन कुठे झालं तेवढं नसतं. अल्बर्ट ससून यांच्या बाबतीत म्हणूनच दाखला ब्रायटनकडे बोट दाखवतो आणि माणूस विल्सडेनला सापडतो. दफनभूमीच्या कार्यालयाला लिहिताना ‘दुसरीकडून आणून पुरल्याची नोंद आहे का’ हे वेगळं विचारा.

कबरीवरची तारीख

ज्यू कबरींवर हिब्रू वर्ष अक्षरांत कोरतात आणि हजाराचा आकडा बऱ्याचदा गाळतात, तेव्हा आधी 5000 मिळवा. मृत्यू ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर हिब्रू वर्षातून 3761 वजा करा, जानेवारी ते ऑगस्टमधला असेल तर 3760. सप्टेंबरात, आणि कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही, नवं वर्ष लागतं, तेव्हा त्या दिवसांसाठी पंचांग पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. डेव्हिड ससून यांचा नोव्हेंबर 1864 हिब्रू 5625 मध्ये येतो. ज्यू दिनदर्शिकेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, तेव्हा संध्याकाळच्या मृत्यूत एका दिवसाचा फरक पडू शकतो. लिंगायत समाधीवर शके असेल तर 78 मिळवा, पौष ते फाल्गुनातला मृत्यू असेल तर बहुधा 79. अर्जात इसवी सन लिहा आणि खाली दगडावरचा मूळ आकडा जसाच्या तसा उतरवा.