पोटात जंगल असलेली तीन शहरं

उष्ण कटिबंधातल्या मोठ्या शहरांची तुलना निघाली की सिंगापूर वर, मुंबई बरीच खाली आणि रिओ दि जानेरो मध्ये कुठेतरी, हे ठरलेलंच. मग सिंगापूरची शिस्त, दंड, तिथले पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांचा वचक असं बोलणं सुरू होतं. त्यात तथ्य आहे. पण ही तिन्ही शहरं एकेकाळी जवळपास सारख्याच स्थितीत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. तिघांच्याही हद्दीत आज जंगल आहे, आणि तिन्ही जंगलं राखली किंवा नव्याने लावली गेली ती पिण्याच्या पाण्यासाठी, तीही एकाच दशकात.

मुंबई यात थोडी पुढे होती. विहिरी आणि तळ्यांवर जगणारं हे बेट. पाऊस चुकला की हाल. 1860 मध्ये विहारचं धरण झालं आणि नळाचं पाणी शहरात आलं. 1879 मध्ये तुळशी. तलावांभोवतालची जमीन पाण्यासाठी राखून ठेवली गेली, तिथे झाडी राहिली. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे फिरतात, त्यामागे हा पाणीपुरवठ्याचा हिशेब मोठा आहे.

रिओची गोष्ट जास्त विलक्षण. तिजुकाच्या डोंगरांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफीचे मळे पसरले, जंगल गेलं, पाठोपाठ झरे आटले. ब्राझीलच्या तेव्हाच्या राजधानीलाच पाणी पुरेना. सरकारने मळ्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि 1861 मध्ये मानुएल गोमेस आर्चर या मेजरला झाडं लावायला पाठवलं. हाताशी सुरुवातीला मूठभर गुलाम. आसपासच्या शिल्लक रानांतून रोपं आणून त्यांनी सुमारे तेरा वर्षांत लाखभर झाडं लावली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये. म्हणजे ज्यांनी हे रान उभं केलं त्यांना त्या काळात मजुरीचा हक्कही नव्हता. कॉर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा पाहायला जाणाऱ्यांना वाटेत जे घनदाट अरण्य लागतं, ते या लागवडीतून आणि नंतर आपसूक वाढलेल्या झाडोऱ्यातून झालेलं आहे.

सिंगापूरमध्ये मिरी आणि गॅंबियर (कातडी कमावण्यासाठी वापरली जाणारी वेल) यांच्या मळ्यांनी जंगल खाल्लं होतं. तान किम सेंग या व्यापाऱ्याने 1857 मध्ये पाणीयोजनेसाठी 13,000 डॉलर देऊ केले, तरी काम रेंगाळलं आणि आज मॅकरिची नावाने ओळखला जाणारा जलाशय 1868 च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या पाणलोटातली झाडी तेव्हापासून राखलेली.

इथपर्यंत तिघं सारखेच. पुढे फाटे फुटले. रिओचं थोडक्यात सांगायचं तर डोंगरावरचं रान जपलं गेलं, पण खालच्या ग्वानाबारा उपसागरात मैलापाणी जातच राहिलं. 2016 च्या ऑलिंपिकआधी त्यातल्या 80 टक्के सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचं वचनही पाळलं गेलं नाही.

मुंबई आणि सिंगापूर यांच्यातला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षाचा पाऊस दोन्हीकडे साधारण सारखाच, दोन हजार मिलिमीटरच्या वर. तिकडे तो बारा महिने पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो. ही अडचण खरीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मुंबईला पाण्यासाठी मागे मुलूख होता. 1892 मध्ये तानसा, मग वैतरणा, भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. शंभर किलोमीटर लांबून पाणी येऊ लागल्यावर शहरातल्या नदीकडे पाहायची गरज कुणाला? विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघणारी मिठी माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत गटार झाली, तिच्या पात्रात भराव पडले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीची आठवण सगळ्यांना एकदम झाली.

सिंगापूर 1965 मध्ये मलेशियातून वेगळं झालं आणि मागचा मुलूख परका देश बनला. मलेशियाच्या जोहोर राज्यातून येणारं पाणी करारावर. 1962 चा करार 2061 पर्यंत आहे. वेगळं होण्याआधी, 1963 च्या अवर्षणात पाणीकपात सोसून झालेलीच. मग शहराच्या अंगावर पडणारा थेंबही सोडायचा नाही असं ठरलं. 1977 ते 1987 या दहा वर्षांत सिंगापूर नदी आणि कलांग खोरं साफ केलं गेलं: डुकरं-बदकं पाळणारे, फेरीवाले, काठच्या झोपड्या, सगळं हलवलं. हे हलवणं सगळ्यांना सुखाचं झालं असेल असं नाही. 2008 मध्ये नदीच्या मुखाशी मरिना बॅरेज बांधला. ओहोटी असली की त्याचे दरवाजे उघडून पुराचं पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद आणि पंप सुरू. आत साठतं ते गोडं पाणी शुद्ध होऊन नळाला जातं. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की आपल्या पर्जन्यजल वाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात, हेच दुखणं. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्येच त्यावर पंपिंग स्टेशनं सुचवली होती. कामाला वेग आला 2005 नंतर.

ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. आता पुढचं धरण पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, गारगाई नदीवर प्रस्तावित आहे. विहारच्या वेळी पाण्यासाठी झाडी राखली गेली. गारगाईच्या पाण्याखाली तानसा अभयारण्यातली झाडी जाणार आहे आणि काही गावंही उठणार आहेत.