खुंटाचा गुलाब आणि कुरणातला गुलाब

कलमी गुलाबाच्या बुडातून कधीकधी एक जोमदार फूट वर येते आणि माळी ती ताबडतोब काढून टाकायला सांगतो, कारण ती कलमाची नसून ज्या रानटी खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या झाडावर, कलमाचा डोळा (कोंबाची कळी) भरलेला असतो त्या खुंटाची असते. असाच एक खुंट, रोझा मल्टिफ्लोरा, १८६६ मध्ये जपानमधून अमेरिकेत गेला. पुढे १९३०च्या दशकात मातीची धूप थांबवण्यासाठी आणि शेताभोवती जिवंत कुंपण म्हणून तेथील सरकारी मृदसंधारण यंत्रणेने त्याचा प्रसार केला. ससे आणि लाव्यांना आसरा मिळावा म्हणून अनेक राज्यांनीही रोपे वाटली. एकट्या वेस्ट व्हर्जिनियात १ कोटी ४० लाखांहून अधिक रोपे लागली. आसरा मिळाला हे खरे. पण पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सर्वत्र पसरले, गुरांनाही शिरता येणार नाही अशी काटेरी जाळी कुरणांत माजली आणि अनेक राज्यांना ते उपद्रवी तण म्हणून जाहीर करावे लागले.

याची अधिक खंत वाटते ती अशासाठी की, त्या भूमीला स्वतःचे रानगुलाब होते. कोरड्या कुरणात कमरेएवढा वाढणारा रोझा कॅरोलिना आणि दलदलीच्या काठचा रोझा पॅलुस्ट्रिस हे त्यांतले दोन. कॅरोलिना ओळखायचा तर पानाच्या देठाचे बूड पाहावे: मल्टिफ्लोराच्या उपपर्णांना, म्हणजे तिथल्या पानासारख्या छोट्या पट्ट्यांना, दातेरी झालर असते, कॅरोलिनाच्या उपपर्णांची कड साधी असते. तण उपटायला निघालेल्याने ही खूण पाहिल्याशिवाय कुदळ उचलू नये.

कॅरोलिनाला पाकळ्या पाचच, आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचे दाट कडे. मकरंद जवळजवळ नसतो. माश्या येतात त्या परागासाठी. बंबलबी ही केसाळ, जाडजूड मधमाशी पुंकेसरांना घट्ट धरून, पंख न हलवता, उडण्याचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपनाने पराग तिच्या अंगावर झडतो. बागेतल्या भरगच्च गुलाबात बहुतेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे तिच्या वाट्याला तिथे फारसे काही येत नाही. पाने कापणाऱ्या मधमाश्या घरट्याच्या अस्तरासाठी पानांचे गोल तुकडे नेतात. ती भोके रोग समजून औषध फवारणे म्हणजे ज्यांच्यासाठी झाड लावले त्यांनाच मारणे होय. लाल फळे हिवाळ्यातही फांदीवर टिकतात आणि अन्न दुर्मीळ झाल्यावर पक्ष्यांच्या उपयोगी पडतात.

लागवडीसाठी बी परिसरातल्याच झुडपांचे घ्यावे. पिकलेल्या फळातला गर आणि खाज आणणारे केस धुऊन काढावेत आणि बी शरद ऋतूतच बाहेर पेरावे, कारण ओलसर थंडी सोसल्याशिवाय ते रुजत नाही. काही बियांना त्याआधी उबदार काळही लागतो, म्हणून कित्येकदा कोंब दुसऱ्या वसंतात दिसतात. पहिल्या वसंतात कुंडी मोकळी दिसली, तरी तिच्यातली माती फेकू नये.