"बर्फ कमी दिलात का?" : टब मागवणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी

धावून-खेळून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसायचा टब आम्ही बर्फासकट भाड्याने देतो. एप्रिल-मेमध्ये रविवारी दुपारी आमचा फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार हे आता पाठ झालंय. "बर्फ सगळा वितळला, पाणी काही गार होईना. कमी दिलात का?"

कमी दिलेला नसतो. एका टबामागे पंधरा-पंधरा किलोची दोन पोती, तीही तुमच्यासमोर काट्यावर तोलून. गडबड असते ती पाण्यात. टब सकाळी पोचतो, तुम्ही धावून येता, पोहे खाता, आणि बारा वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सोडता. त्या पाण्यात हात घालून बघा एकदा.

हिशेबच मांडतो. एक किलो बर्फ वितळून त्याचं 12 अंशांचं पाणी होईपर्यंत तो साधारण 92 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. त्यातल्या 80 नुसत्या वितळण्यात जातात. खुणेपर्यंत भरलं तर टबात 200 लिटर पाणी असतं. पहाटे नळाला आलेलं पाणी 24 अंशांचं धरलं, तर ते 12 वर आणायला 26 किलो बर्फ पुरतो. वरचे चार किलो आम्ही हवेच्या आणि तुमच्या अंगाच्या उष्णतेसाठी धरतो. तेच पाणी टाकीतलं, 36 अंशांचं असेल, तर लागतो 52 किलो. बरोबर दुप्पट! मग आमचा पोरगा टेम्पो घेऊन परत कारखान्यावर जातो, पाऊण तास मोडतो, तोवर तुमच्या मांड्या आखडतात, आणि जादा पोत्यांचे पैसे तुम्हालाच पडतात.

तेव्हा टब आदल्या संध्याकाळी मागवा (रात्रीचं भाडं घेत नाही), पहाटेच्या पाण्याने भरा, सावलीत ठेवा, वर झाकण घाला. झाकण आमच्याकडे फुकट मिळतं, फक्त मागावं लागतं. आणि खुणेच्या वर भरू नका. बर्फाचं तीसेक लिटर पाणी होतं, त्यात तुम्ही बसता. काठोकाठ भरलेल्या टबातून मग गार केलेलं पाणीच फरशीवर जातं.

गारवा किती हवा? 10 ते 15 अंश. थर्मामीटर टबाला दोरीने बांधलेला असतो, तो सोडून नेऊ नका. काही मंडळी व्हिडिओसाठी पाणी पाच अंशांवर आणतात आणि चाळीस सेकंदांत ओरडत बाहेर येतात. त्यापेक्षा 12 अंशांत कमरेपर्यंत दहा मिनिटं निवांत बसलेलं बरं. पहिल्या मिनिटात श्वास अडकल्यासारखा होतो; हळू उतरा, श्वास लांब सोडा. एकटं बसू नका, घरचं कोणीतरी जवळ हवं. बाहेर आल्यावर अंग कोरडं करा, कपडे चढवा, चहा घ्या. लगेच कढत पाण्याने आंघोळ केली तर चक्कर येऊ शकते. हुडहुडी बाहेर आल्यावर वाढते, तिला घाबरू नका.

फायदा कुणाला? साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना विचारा. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरताना, कारण उताराला स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. गार पाण्याने ते कमी जाणवतं, एवढंच आम्ही सांगतो. दुखापत याने बरी होत नाही.

जिममध्ये अंग कमावणाऱ्यांनी मात्र रोज टब मागवू नये. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2015 साली छापलेल्या अभ्यासात, वजनं उचलल्यावर 10 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू बारा आठवड्यांत इतरांपेक्षा कमी वाढले. महिन्याचं पॅकेज विचारायला येणाऱ्या पोरांना आम्ही हे आधी सांगतो. दोन-तीन गिऱ्हाइकं गेलीही. गेली तर गेली. लागोपाठ सामने असतील, लांब पल्ला धावला असाल, तेव्हा बोलवा.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली, गारठ्याने बोटं पांढरी पडणारी माणसं आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबात उतरू नये. उघडी जखम असेल तरीही नको.

आता बर्फ निळा का? आमचा मूळ धंदा बर्फाचाच. रसवंतीला जातो तो पांढरा, खाण्याचा. टबाला देतो तो निळसर, म्हणजे खाण्याचा नव्हे. ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून तो तसा रंगवायचा नियम आहे. अंगाला रंग लागत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात एका घरी पाहुण्यांच्या कोकम सरबतात हाच बर्फ पडला होता. सरबताला हवा असेल तर सांगा, पांढऱ्याची पिशवी टबासोबतच पाठवू.

रिकामी पोती टबातच ठेवा, आमचा माणूस नेईल.