पाचवीआधीचा मे महिना

एक मेला निकाल हातात पडतो आणि चौथी सुटते. जूनमध्ये अनेकांची शाळाच बदलते, कारण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत धरलं, तरी घराघरांत अजून ‘चौथी झाली, आता हायस्कूल’ असंच म्हणतात. याचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे. तेव्हा मराठी चौथी झाली की मूल ‘इंग्रजी पहिली’त, म्हणजे आजच्या पाचवीत जायचं. मधल्या दीड महिन्यात या दहा वर्षांच्या मुलाने काय वाचावं, याची चर्चा दर उन्हाळ्यात होते. पण त्याचं पुस्तक निवडतं कोण, हे कुणी फारसं विचारत नाही.

सुरुवातीला ते मोठ्यांनीच निवडलं. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आलं. बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या गोष्टी इंग्रजीमार्गे मराठीत आल्या होत्या, आणि त्यांचा सगळा भर मुलाला वळण लावण्यावर होता. त्याच वर्षी छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ही निघाली. पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१मध्ये ‘बालबोध’ मासिक काढलं आणि १९१४पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवलं. थोरांची चरित्रं, सृष्टिज्ञान, कविता असं सारं त्यात असे. तेहतीस वर्षं मुलांसाठी महिन्याच्या महिन्याला लिहीत राहणं ही केवढी निष्ठा! १९०६मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ सुरू झालं, तेव्हा मजकुरात मौजेला जास्त जागा मिळाली. तरी मुलांनी काय वाचावं हे संपादकच ठरवत होता.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात श्याम बेचाळीस रात्री, रोज एक गोष्ट सांगतो. उपदेश तिच्यातही भरपूर आहे, पण तो श्यामच्या स्वतःच्या चुकांतून येतो, म्हणून मूल तो ऐकून घेतं. आजही चौथी-पाचवीच्या सुट्टीत मुलाला एकच पुस्तक द्यायचं असेल तर पुष्कळ घरांतून हेच दिलं जातं. देणारे मात्र आई, आजी, मामाच असतात.

मुलं आपण होऊन मागू लागली ती भा. रा. भागवतांची पुस्तकं. भागवतांनी १९५१मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या. आणि पुढे त्यांच्या ‘फास्टर फेणे’ पुस्तकांचा नायक, फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग टाकून पुण्याच्या शाळेत आला. चणीने किडकिडीत, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा हा पोरगा कुणाला काही शिकवायला आलेला नव्हता. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला त्याच्यात आपल्याच वर्गातला कुणीतरी दिसला. मराठी बालवाचनातलं खरं वळण मला इथे दिसतं.

तरी पुस्तक हाती येणं सोपं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे जाळीच्या दाराचं एक कपाट होतं, कुलूप लावलेलं. मे महिन्यात आम्ही बाकावर रांगेने बसायचो. तारेने बांधलेली, कोपरे दुमडलेली यादी एकेकाकडे यायची. तिच्यातला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग आतून पुस्तक यायचं. ‘हे तुला कळायचं नाही’ म्हणून दुसरंच कितीदा तरी हातात ठेवलं गेलं. जाळीला नाक लावून कण्यावरची नावं वाचताना गंजाचा वास यायचा, तो अजून आठवतो.

या कपाटाला पहिली फट पडली ती मासिकांमुळे. ‘चांदोबा’ १९५२पासून मराठीत येत होता, आणि त्यातला प्रेत खांद्यावर घेतलेला विक्रम घरोघरी पोचला होता. नोव्हेंबर १९७१मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं. नावातच वयोगट होता: बडबडगीतांना मोठा झालेला आणि कादंबरीला अजून लहान असलेला वाचक. याच वयासाठी मराठीत सगळ्यात कमी लिहिलं गेलंय, म्हणून मला ‘किशोर’चं मोल फार वाटतं. प्रदर्शनांत मिळणारी स्वस्त, गुळगुळीत कागदाची सोव्हिएत पुस्तकंही मुलं खाऊच्या पैशांतून स्वतः घेत. १९९१नंतर ती येईनाशी झाली.

आताची अडचण वेगळी आहे. इंग्रजी माध्यमातलं मूल मराठी फर्डं बोलतं, पण अडखळत वाचतं. मग अकरा वर्षांच्या मुलीला आपण पाच वर्षांच्या मुलाची चित्रकथा देतो आणि ती पुस्तक मिटून ठेवते. तिला साहस हवं असतं, रहस्य हवं असतं, फक्त वाक्यं आटोपशीर हवी असतात. सुट्टीच्या याद्या करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. ‘किशोर’चे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांतल्या छोट्या गोष्टी अशा वाचकाला नेमक्या पेलतात.

४ मे २०१७ रोजी, ऐन सुट्टीत, पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात लोकांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि मुलांच्या पुस्तकांचीही वेगळी सोय आहे. तिथे चिठ्ठी द्यावी लागत नाही. मूल आत शिरतं, एक पुस्तक काढतं, दोन पानं चाळून परत ठेवतं, दुसरं काढतं.